औट म्हणजे किती? पंतोजींची शाळा, अपूर्णांकांचे पाढे आणि सीमाभाग

वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीचे दावे चालवताना जुने कागद हाताळावेच लागतात. अशाच एका दाव्यात एक जुने वाटणीपत्र आमच्या हाती आले होते. कागद मोडीत होता, आणि त्यात एका शाखेचा हिस्सा ‘साडेतीन आणे’ असा नोंदलेला होता. जमीन आठ एकर. सोळा आण्यांत साडेतीन आणे म्हणजे नेमके किती क्षेत्र, हे काढण्यासाठी आमच्या तरुण सहकाऱ्याने मोबाइल हातात घेतला. तो आकडे घालतो न घालतो तोच समोर बसलेले वृद्ध पक्षकार म्हणाले, ‘आठ एकरांचे तीनशे वीस गुंठे. आण्याला वीस. वीस औट सत्तर. एक एकर तीस गुंठे झाले, वकीलसाहेब.’ मोबाइलनेही थोड्या वेळाने तेच उत्तर दिले.

आमच्या सहकाऱ्याला उत्तराचे नवल वाटले नाही, शब्दाचे वाटले. ‘आजोबा, औट म्हणजे काय?’ असे त्याने विचारले. मुलगा घरी मराठीच बोलतो, पण बालवाडीपासून इंग्रजी शाळेत शिकलेला. ‘साडेतीन, बाळ. शाळेत नाही का शिकवलं?’ असे म्हणून ते गृहस्थ आमच्याकडे पाहू लागले. त्यांचे स्वतःचे शिक्षण मराठी चौथीपर्यंतचे होते.

हा प्रसंग आम्ही अनेकदा सांगितला आणि ऐकणाऱ्यांनी बहुधा त्याचे कौतुक करून तो सोडून दिला. आमच्या मते तो कौतुकाचा विषय नव्हे. त्या वृद्ध गृहस्थांजवळ जे होते ते ज्ञान होते की केवळ घोकंपट्टी, ते कोठून आले, आणि शाळेतून ते कसे गेले, हा इतिहासाचा प्रश्न आहे. सीमाभागात तर त्या प्रश्नाला आणखी एक पदर आहे, कारण येथे शाळेची भाषाच गेली शंभर-दीडशे वर्षे वादात आहे.

प्रथम शब्दच पाहू. ‘औट’ हा शब्द ‘अर्धचतुर्थ’ या संस्कृत शब्दाचे प्राकृतातून झिजून आलेले रूप आहे. अर्थ असा की तीन पूर्ण झाले आणि चौथा अर्धा. ‘अडीच’ म्हणजे अर्धतृतीय: दोन पूर्ण, तिसरा अर्धा. ‘दीड’मध्येही दुसरा अर्धाच आहे. ‘सव्वा’ हा सपाद, पायासकट, म्हणजे पावासह. ‘पाऊण’ हा पादोन, पावाने उणा. ‘साडे’ हा सार्ध. म्हणजे आपण दुकानात किंवा बसस्थानकावर ‘पावणेदोन’ म्हणतो तेव्हा एक वजाबाकी उच्चारतो आणि ‘अडीच’ म्हणतो तेव्हा पुढच्या पूर्णांकाकडे निघालेली अर्धी पायरी उच्चारतो. या रीतीत अपूर्णांक म्हणजे वर एक आणि खाली एक आकडा व मध्ये रेघ असा नाही. तो संख्यांच्या रांगेतला एक मुक्काम आहे आणि त्याला स्वतःचे नाव आहे. ‘औट घटकेचे राज्य’ हा वाक्प्रचार अजून वर्तमानपत्रांत वाचायला मिळतो. घटका चोवीस मिनिटांची, तेव्हा ते राज्य चौऱ्याऐंशी मिनिटांचे. पण वापरणाऱ्यांपैकी कितीजण हा हिशेब करतात कोण जाणे. शेरास सव्वाशेर, दीडशहाणा, सोळा आणे खरे, हे सगळे त्याच हिशेबी जगाचे अवशेष आहेत.

या नावांवर पाढे रचलेले होते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. एक पाव पाव, दोन पाव अर्धा, तीन पाव पाऊण, चार पाव एक, अशी पावकी चाले; आणि तीस किंवा त्याहून पुढच्या संख्येपर्यंत जाई. ज्यांना हे केवळ पाठांतर वाटते त्यांनी ते कोणत्या व्यवहाराला जोडलेले होते ते पाहावे. रुपयाचे आणे सोळा, मणाचे शेर चाळीस. चाळिसांना सोळांनी भागले की अडीच येतात. म्हणून मणाला जितके रुपये दर, अडीच शेरांना तितके आणे किंमत. गूळ सात रुपये मण असेल तर अडीच शेर गूळ सात आण्यांना. दहा शेर हवा असेल तर दहा शेर म्हणजे पाव मण, आणि सात पाव पावणेदोन, म्हणजे एक रुपया बारा आणे. उलट बाजूने पडताळा घ्यावा: सात आण्यांची चौपट अठ्ठावीस आणे, तेवढीच रक्कम. गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघेही हा हिशेब उभ्या उभ्या करीत, आणि दोघांनाही येत असल्याने फसवणुकीला वाव कमी राही. सावकारी व्याज दरमहा दर शेकड्यावर बोलले जाई. दीड रुपया शेकडा असेल तर दिडकी हाताशी होती; दोनशेंवर महिन्याला तीन. आणि हे व्याज मुद्दलाएवढे झाले की तेथे थांबायचे, हा दामदुपटीचा देशी नियम तर मुंबई उच्च न्यायालयानेही हिंदू कायद्याचा भाग म्हणून मान्य केला होता. म्हणजे देशी ज्ञानाला कचेरीत मान होता. शाळेत तो राहिला नाही.

मापांतही हीच रीत होती. चिपटे, मापटे, शेर ही उतरंड निम्म्यानिम्म्याने चालते: दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर. चार शेरांची पायली. पायलीपासून खाली येणारे मूल पाव, अर्धा, पाऊण यांचा अर्थ हाताने शिकत असे. जमिनीच्या मोजणीत वीस काठ्यांचे पांड, वीस पांडांचा बिघा, एकशे वीस बिघ्यांचा चाहूर. इंग्रजी अमलात विंगेट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दक्षिण महाराष्ट्रात नवी मोजणी केली तेव्हा एकर आणि गुंठे आले, पण जमिनीची प्रत मात्र आण्यांतच ठरवली गेली. उत्तम जमीन सोळा आणे, त्याखालची तितकी कमी. पिकाचा अंदाज तो ‘आणेवारी’. कारण सांगण्यासारखे आहे: जो कुळंबी ते ऐकणार होता त्याला सोळाचे भाग कळत होते. राज्यकर्त्यांनी रयतेचे गणित उचलले, कारण त्याशिवाय वसूल झाला नसता.

आता हे शिकवले कोठे जाई? पंतोजींच्या शाळेत. देवळाचा मंडप, धर्मशाळा किंवा एखाद्या गावकऱ्याची ओसरी ही तिची जागा. धूळपाटीवर बोटाने अक्षर काढायचे, मग कित्ता, मग मोडी. संध्याकाळी परवचा. पंतोजींना कोणी धान्य देई, कोणी दक्षिणा, कोणी सणावाराला शिधा. छापील पुस्तक नव्हते, परीक्षा नव्हती, प्रमाणपत्र नव्हते. गोव्यात पोर्तुगीज सत्तेखालीही ‘शेणैमामा’च्या शाळेत मराठी वाचन-लेखन आणि हिशेब टिकून राहिले, ते याच साध्या रचनेमुळे, जिला इमारत नाही ती शाळा बंद करणे अवघड असते.

अशा शाळांची मोजदाद कंपनी सरकारने केली आहे. मुंबईच्या गव्हर्नराच्या कौन्सिलातील प्रेंडरगास्ट याने १८२१ मध्ये नोंदवले की आपल्या मुलखात लहानमोठे असे क्वचितच एखादे गाव असेल की जेथे एकही शाळा नाही. आणि तेथे शिकलेली मुले ज्या अचूकतेने हिशेब करतात ती इंग्लंडातील तशाच थरातल्या लोकांत आढळत नाही. १८२९ च्या सुमाराच्या मुंबई इलाख्याच्या आकड्यांत सुमारे सतराशे शाळा आणि पस्तीस हजार विद्यार्थी दिसतात. त्यांत सरकारी शाळा अवघ्या पंचवीस होत्या. या आकड्यांची प्रेंडरगास्टच्या विधानाशी पूर्ण संगती लागत नाही हे खरे. घरगुती शिकवण्या कोणी मोजल्या, कोणी मोजल्या नाहीत, यावर इतिहासकारांचे वाद झाले आहेत. गांधीजींनी १९३१ साली लंडनमध्ये याच विषयावर विधान केले, सर फिलिप हार्टॉग यांनी त्याला हरकत घेतली, आणि पुढे १९८३ मध्ये धर्मपाल यांनी मद्रास इलाख्याची मूळ कागदपत्रे छापून चर्चा पुन्हा उभी केली.

त्या कागदपत्रांतील एक कागद आम्हा सीमावासीयांनी मुद्दाम वाचावा असा आहे. बळ्ळारीचा कलेक्टर ए. डी. कॅम्पबेल याने ऑगस्ट १८२३ मध्ये आपल्या जिल्ह्यातील शाळांचा अहवाल पाठवला. जिल्ह्याची लोकसंख्या त्याने ९,२७,८५७ दिली आहे. शाळा ५३३, विद्यार्थी ६,६४१. या शाळांची भाषावार विभागणी अशी: कन्नड २३५, तेलुगू २२६, मराठी २३, फारसी २१, तमिळ ४, इंग्रजी १, आणि संस्कृत विद्येची २३ ठिकाणे. एकाच जिल्ह्यात सहा भाषांच्या शाळा आणि शिवाय संस्कृत पाठशाळा. कोणत्या भाषेची शाळा कोठे असावी हे ठरवणारा कोणी अधिकारी नव्हता. जेथे ज्या भाषेची मुले तेथे त्या भाषेचा पंतोजी. बळ्ळारीत मराठी तेवीस शाळा कोणाच्या उदार परवानगीने चालत नव्हत्या, आणि त्यांच्यामुळे कन्नडच्या दोनशे पस्तीस शाळांना धक्का पोचल्याची तक्रार त्या अहवालात नाही. आम्ही कायद्याचे विद्यार्थी. पुराव्याचे वजन त्याच्या स्वार्थरहिततेवर मोजतो. कॅम्पबेलला आपल्या आजच्या वादात काहीही स्वारस्य नव्हते.

त्याच अहवालात आणखी दोन गोष्टी आहेत. पहिली स्तुतीची. पुढच्या मुलांनी मागच्या मुलांना शिकवायचे, ही आपल्या शाळांतील रीत त्याला फार काटकसरीची आणि इंग्लंडने तिचे जे अनुकरण केले त्याला सर्वथा पात्र अशी वाटली. हे अनुकरण खरेच झाले होते. अँड्र्यू बेल या पाद्र्याने मद्रासजवळच्या अनाथाश्रमात वाळूवर बोटाने लिहिण्याची आणि मुलांनीच मुलांना शिकवण्याची पद्धत वापरली, १७९७ मध्ये लंडनला तिच्यावर पुस्तिका छापली, आणि ती ‘मद्रास पद्धत’ म्हणून विलायतेत गाजली. काही वर्षांनी तीच पद्धत सुधारणा म्हणून इकडे परत आली. आपल्याच ओसरीवरची वस्तू आपल्याला परदेशी शिक्क्यासह विकत मिळाली.

दुसरी गोष्ट टीकेची, आणि ती झाकून ठेवणे आम्हाला योग्य वाटत नाही. मुले पद्यग्रंथ घोकतात पण त्यांतील बोलीभाषेहून निराळ्या भाषेचा अर्थ त्यांना कळत नाही, असे कॅम्पबेल लिहितो. पंतोजींच्या छडीच्या आणि त्याहून क्रूर शिक्षांच्या आठवणी मराठीत पुष्कळ लिहिल्या गेल्या आहेत. मुली या शाळांत जवळजवळ नव्हत्याच. अस्पृश्य मानलेल्या जातींची मुले तर ओसरीच्या पायरीपर्यंतही पोचत नसत. देशी ज्ञानाचा गौरव करणारे पुष्कळसे लेखन या ठिकाणी चटकन पान उलटते. आम्हाला त्या लेखनाचा कंटाळा येतो. पावकी-निमकी हे ज्ञान चांगले होते. ते कोणाला द्यायचे याचा निवाडा वाईट होता. या दोन वाक्यांपैकी एकच बोलणारा अर्धाच पुरावा सादर करतो.

ज्यांनी दोन्ही वाक्ये एकत्र बोलून दाखवली ते जोतीराव फुले. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षण सर्वांना मिळाले पाहिजे, शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, असे मागितले. आणि अभ्यासक्रम काय असावा तेही सांगितले. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल आणि व्याकरण यांचे सामान्य ज्ञान, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य यांचे धडे. लक्षात घेण्यासारखे हे की जुन्या शाळेने ज्यांना बाहेर ठेवले त्यांच्या बाजूने बोलणारा हा माणूस मोडी आणि हिशेब टाकून द्या असे म्हणत नाही; ते कुणब्याच्या मुलाच्या हाती द्या असे म्हणतो. मोडी येत नसल्यानेच सावकाराच्या कागदावर अंगठा उठवावा लागे हे त्यांना ठाऊक होते. एखाद्या समाजाचे ज्ञान शाळेत आणायचे ते कशासाठी, याचे याहून सरळ उत्तर आम्हाला माहीत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबई इलाख्याने वेगळा मार्ग घेण्याची शक्यता होती. १८२२ मध्ये स्थापन झालेल्या शालापुस्तक मंडळीने मराठीत पुस्तके करवून घेतली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस याने गणिताची मराठी पुस्तके रचली, सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी मुलांसाठी गद्य तयार केले. पुढे शिक्षण मंडळात १८४७ च्या सुमारास मोठा वाद झाला. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी उच्च शिक्षण इंग्रजीतून द्यावे या मताचे. कर्नल झालेले जर्व्हिस आणि जगन्नाथ शंकरशेट देशी भाषांच्या बाजूचे. पेरी हे उच्च न्यायासनावरचे गृहस्थ. आमच्या व्यवसायातला हा पूर्वज त्या वादात आमच्या विरुद्ध बाजूला होता, याची नोंद करून पुढे जातो. शाळा मराठी राहिल्या, पण मान इंग्रजीकडे गेला. तरी पाढे टिकले. सरकारी मराठी शाळांनी परवचा चालू ठेवला आणि बाजारातल्या अंकलिपीत पावकीपासून औटकीपर्यंत सगळे छापून येऊ लागले. ज्ञान देशी, छपाई नवी, असा तो चांगला संसार जवळजवळ शतकभर चालला.

बडोद्याच्या वाचकांना येथे त्यांचे कलाभवन आठवेल. सयाजीरावांनी १८९० मध्ये ते सुरू केले आणि रंगकाम, विणकाम, सुतारकाम, यंत्रविद्या अशा विषयांत कारागिरांच्या मुलांनाही प्रवेश मिळावा, शिक्षण देशी भाषेतून व्हावे, अशी त्याची मूळ कल्पना होती. कारागिराचे हात आणि रसायनशास्त्र यांना एका छपराखाली आणण्याचा तो प्रयत्न होता. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

सीमाभागाचा इतिहास मात्र येथे आम्हाला थोडा अडचणीत टाकतो. पेशवाई गेल्यावर धारवाड-बेळगाव भागात सरकारी कारभार आणि बऱ्याच ठिकाणी शाळाही मराठीतून चालल्या. ज्यांच्या घरी कन्नड होते त्यांची मुलेही त्या मराठी शाळांत बसत. १८६० च्या दशकात शिक्षणखात्यातील डेप्युटी चन्नबसप्पा यांनी त्याविरुद्ध काम केले आणि कन्नड मुलांसाठी कन्नड शाळा उघडवल्या. कन्नड समाज त्यांचे नाव आदराने घेतो, आणि ते योग्य आहे. आमच्या काही मित्रांना हे लिहिलेले रुचणार नाही, पण त्या वेळी चूक मराठी कारभाराची होती. ज्या मुलाच्या घरी चतकोराला ‘कालु’ म्हणतात त्याला ‘पाव’ घोकायला लावणे हा अन्यायच होता. चन्नबसप्पांनी मांडलेले तत्त्व बरोबर होते, म्हणूनच आम्ही आज तेच मागतो. तत्त्वाला नदी ओलांडल्यावर अर्थ बदलण्याची मुभा नसते.

दोन्ही भाषांचे हिशेब शेजारी ठेवून पाहणे हा आमचा जुना छंद आहे, आणि शाळेसाठी तो उपयोगीही आहे. कन्नडात पावाला ‘कालु’, अर्ध्याला ‘अरे’, पाऊणला ‘मुक्कालु’, म्हणजे तीन पाव. मराठी पाऊण हा एकातून पाव वजा करून मिळतो. कन्नड मुक्कालु तीन पाव जोडून. मराठीत पावणेदोन, कन्नडात ‘ओंदूमुक्कालु’, एक आणि तीन पाव. मराठीत औट किंवा साडेतीन, कन्नडात ‘मूरूवरे’, तीन आणि अर्धा. मराठी माणूस पुढच्या मुक्कामावर उभा राहून मागे पाहतो. कन्नड माणूस गाठलेल्या मुक्कामावरून पुढचे मोजतो. एकवीसचेही तसेच. मराठीत एक आधी, वीस नंतर. कन्नड ‘इप्पत्तोंदु’मध्ये वीस आधी, एक नंतर. २०१९ च्या जूनमध्ये महाराष्ट्रात दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ असे वाचन सुचवले गेले आणि केवढा गदारोळ उठला. मुलांना जोडाक्षरे आणि उलटा क्रम जड जातो, दाक्षिणात्य भाषांत दशक आधी येते, असे समितीचे म्हणणे होते. विरोधकांना त्यात भाषेची मोडतोड दिसली. आमच्या गल्लीतली मुले, जी भाजीबाजारात दोन्ही भाषांत पैसे मोजतात, त्यांना हा वाद समजला नसता. त्यांना दोन्ही क्रम येतात. एक क्रम अवघड म्हणून काढून टाकण्याऐवजी दोन क्रमांची तुलना करून दशक-एकक शिकवणारा शिक्षक सीमाभागात सहज सापडायला हवा; कारण त्याचे वर्गातले अर्धे काम गल्लीनेच केलेले असते. मुलाजवळ आधीच असलेले ज्ञान म्हणजे हे.

मग औटकी गेली कशाने? दोन तारखा पाहाव्यात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेने बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले. पाठोपाठ मण-शेर जाऊन किलो-ग्रॅम आले. पाच महिन्यांच्या अंतराने आमचे राज्य बदलले आणि आमचे नाणे बदलले. दुसरा बदल सर्व देशाचा होता आणि तो आवश्यकही होता. दशमान पद्धतीविरुद्ध आमचे काहीही म्हणणे नाही. महाराष्ट्रातही त्यानंतर औटकी मागे पडली. पण तेथे शाळा मराठी राहिल्याने निदान शब्द राहिले. पावणेचार वाजता म्हणजे केव्हा, हे तेथे मुलाला विचारावे लागत नाही. येथे शाळाच भाषेसकट निसटू लागली, तेव्हा शब्दही निसटले. अपूर्णांक मूल ‘थ्री बाय फोर’ म्हणून भेटते, आणि आजी ‘पाऊण वाटी पीठ’ म्हणते ती तीच वस्तू, हे त्याच्या लक्षात येत नाही. दशमानाने औटकीची गरज कमी केली. पाऊण या कल्पनेची गरज त्याने कमी केलेली नाही. ७५ पैसे हे रुपयाचे पाऊणच आहेत.

ज्या सातव्या घटनादुरुस्तीने ही राज्ये आखली तिनेच घटनेत अनुच्छेद ३५०-क घातला, हे पुष्कळांना ठाऊक नसते. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यात मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने व स्थानिक प्राधिकाऱ्याने करावा, आणि राष्ट्रपतींना त्यासाठी निर्देश देता येतात, असे तो सांगतो. सीमा आणि सीमेपलीकडे राहिलेल्या मुलाचा हक्क एकाच कायद्याच्या पोटी जन्मले. पहिल्याची अंमलबजावणी त्याच दिवशी झाली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातही शिक्षणाचे माध्यम व्यवहार्य असेल तेथवर मुलाची मातृभाषा असावे असे म्हटले आहे. शिक्षक नेमणूक, वर्ग एकत्रीकरण, पुस्तकांचा पुरवठा यांबाबत आमच्या तक्रारी वेळोवेळी लेखी दिलेल्या आहेत. त्यांची उजळणी येथे करीत नाही.

पण ६ मे २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने राज्याला मातृभाषेचे माध्यम सक्तीने लादता येणार नाही, मुलाची मातृभाषा कोणती हे पालक ठरवतील, असे सांगितले. कायद्याने प्रश्न आमच्या उंबऱ्याच्या आत आणून ठेवला आहे. आमच्या त्या तरुण सहकाऱ्याला इंग्रजी शाळेत कोणत्या सरकारने घातले नव्हते. त्याच्या वडिलांनी घातले होते, आणि प्रवेशासाठी ओळखीचे पत्र आम्हीच दिले होते.

नव्या शैक्षणिक धोरणात, २०२० च्या, भारतीय ज्ञानपरंपरेचा उल्लेख वारंवार येतो. त्यावरची भाषणे ऐकताना आम्हाला विमाने आणि वैदिक गणित ऐकू येते, औटकी येत नाही. कदाचित ती फार जवळची असल्याने दिसत नसेल. चाळीसगावजवळच्या पाटण येथे १२०७ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला, त्याला दिलेल्या दानांची त्यात नोंद आहे. ग्रंथ संस्कृत, मठ विद्वानांचा. पण बाजारातून मठाला काय काय मिळायचे हे लिहायची वेळ आली तेव्हा लेखाचा तेवढा भाग मराठीत आला. मापांचे आणि देण्याघेण्याचे ज्ञान तेव्हाही लोकभाषेत राहत होते.

आता एक विनंती. ज्यांच्या घरी सत्तरी ओलांडलेली माणसे आहेत त्यांनी त्यांच्याकडून पावकी ते औटकी एकदा म्हणवून घ्यावी आणि जशी म्हटली तशी उतरवून ठेवावी. ‘दोन पाव’ म्हणतात की ‘बे पाव’, औटकी कोठपर्यंत जाते, चाल कोणती, तेही लिहावे. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद आणि गोव्यातील पाठ आमच्याकडच्या पाठाहून निराळे असणार. बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातील काही पाठ आमच्याकडे जमले आहेत. त्या वृद्ध पक्षकारांचा पाठ मात्र आम्ही उतरवून घेतला नाही. दाव्याची पुढची तारीख लागली, तोवर त्यांचे वारस नोंदवण्याचा अर्ज द्यावा लागला.